वडिलांचा सत्तरावा वाढदिवस: घरच्या जेवणाला चित्रपटाचा विषय कसा द्यावा?

प्रश्न

पुढील महिन्यात माझे वडील ७० वर्षांचे होत आहेत. त्या दिवशी संध्याकाळी सगळ्या कुटुंबाने घरीच एकत्र जेवावे आणि त्या जेवणाला चित्रपटाचा विषय असावा, असे आम्हा तिघा भावंडांनी ठरवले आहे. विषय चित्रपटाचाच का, हे सांगितल्याशिवाय माझी अडचण नीट कळणार नाही. वडिलांनी ३१ वर्षे चित्रपटगृहात ऑपरेटर म्हणून काम केले. त्यांनी किती चित्रपट दाखवले याची मोजदाद नाही, पण ते सारे त्यांनी केबिनच्या लहानशा काचेतून, यंत्राच्या खडखडाटात, अर्धे लक्ष पडद्यावर आणि अर्धे पुढच्या रिळावर ठेवून पाहिले. आईच्या शेजारी खुर्चीवर बसून अथपासून इतिपर्यंत पाहिलेले चित्रपट हाताच्या बोटांवर मोजता येतील, असे आई सांगते, आणि ते सांगताना तिच्या आवाजात तक्रार नसते, याचेच मला अधिक वाईट वाटते.

आम्ही एकूण पंधरा जण असू. त्यांत ९१ वर्षांची आजी आहे, तिला ऐकू कमी येते. आत्या आणि आतोबा आहेत. मुले चार आहेत, सर्वांत धाकटे तीन वर्षांचे आणि सर्वांत मोठी बारा वर्षांची. बैठकीची खोली साडेचार मीटर लांब आणि साडेतीन मीटर रुंद आहे.

भावाचे म्हणणे असे, की प्रत्येकाने एखाद्या प्रसिद्ध पात्राचा वेश करून यावे. बहिणीला वाटते, की जेवताना भिंतीवर चित्रपट चालू ठेवावा, म्हणजे विषय आपोआप साधेल. आईची एकच अट आहे: त्या संध्याकाळी कोणीही, विशेषतः तिने, स्वयंपाकघरात अडकून राहता कामा नये. मला स्वतःला दोन शंका आहेत. पहिली, जेवण आणि चित्रपट एकाच वेळी ठेवावेत की एकामागून एक? दुसरी, हा विषय वडिलांच्या आयुष्यातून आलेला वाटावा, बाजारातून आणलेल्या सजावटीसारखा वाटू नये, यासाठी नेमके काय करावे? ज्यांनी असे काही घरी केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पहिले उत्तर

आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर मी स्वानुभवाने ठामपणे देऊ शकते: जेवताना पडदा बंद ठेवावा. माझ्या यजमानांच्या पन्नाशीला मी नेमके आपल्या बहिणीच्या मनात आहे तेच केले होते. परिणाम असा झाला, की सगळ्यांच्या खुर्च्या एका बाजूला वळल्या, ज्यांच्यासाठी हा घाट घातला त्यांच्याकडे अनेकांची पाठ झाली, अंधारामुळे ताटात काय आहे ते दिसेना, आणि संवाद ऐकू यावेत म्हणून मोठी माणसे मुलांना सतत गप्प करू लागली. जेवण निवले आणि चित्रपटही कोणी धड पाहिला नाही. ज्या आजींना कमी ऐकू येते त्यांना समोरच्याचा चेहरा स्पष्ट दिसणे किती गरजेचे असते, हे मला त्या दिवशी माझ्या सासूबाईंकडे पाहून समजले. त्या अंधारात पूर्ण एकट्या पडल्या होत्या.

दुसऱ्या शंकेबाबत असे वाटते, की आपल्याकडे इतर कोणाकडे नसलेली गोष्ट आहे, आणि ती म्हणजे वडिलांच्या कामाची भाषा. नटनट्यांची चित्रे लावण्यापेक्षा केबिनमधले कामच जेवणाच्या रचनेत आणा. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात आणि सेकंदाला २४ चौकटी पुढे सरकतात, म्हणजे एका मिनिटात ९० फूट फिल्म जाते. चित्रपटगृहात येणारे रीळ साधारण २००० फुटांपर्यंतचे असे, त्यामुळे ते वीस-बावीस मिनिटांत संपे. जेवणाचा एकेक टप्पा सुमारे तेवढाच चालतो, हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो. पहिले रीळ म्हणजे सूप आणि हातात धरून खाता येतील असे पदार्थ, दुसरे रीळ म्हणजे मुख्य जेवण, त्यानंतर मध्यांतर आणि मध्यांतरात केक. पदार्थांची यादी छापायची असेल तर तिला 'रीळ क्रमांक १', 'रीळ क्रमांक २' अशी शीर्षके द्या आणि ती यादी थोरल्या नातीकडून हाताने लिहून घ्या.

रीळ बदलण्याच्या खुणेचाही उपयोग करता येईल. रीळ संपत आले की चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जात असे. शेवटाच्या सुमारे आठ सेकंद आधीच्या ठिपक्याला दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करायची आणि शेवटाच्या साधारण एक सेकंद आधीच्या ठिपक्याला चित्र त्या यंत्रावर न्यायचे, अशी ती पद्धत होती. प्रेक्षकांना ते ठिपके बहुधा दिसतही नसत, पण आपल्या वडिलांनी ३१ वर्षे त्यांच्याकडेच पाहिले असणार. तेव्हा एका नातवाच्या हाती लहान घंटा द्या. पहिल्या घंटेला वाढणाऱ्यांनी उठून पुढचा टप्पा तयार करावा आणि दुसऱ्या घंटेला तो टेबलावर यावा. यादीच्या प्रत्येक पानावर उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका काढून ठेवा आणि त्याचा अर्थ कोणालाही सांगू नका. तो मुलांना समजावून सांगण्याचे काम वडिलांसाठी राखून ठेवा.

वेळेचा विचार मात्र काटेकोरपणे करा. लहान मूल आणि वृद्ध आजी दोघेही असल्यामुळे साडेसहाला जेवायला बसावे, साडेसातला मध्यांतर आणि आठला चित्रपट सुरू, याहून उशीर नको.

दुसरे उत्तर

वरील सूचनेशी मी सहमत आहे, म्हणून फक्त पडद्याबद्दल लिहितो. आपले वडील ऑपरेटर होते, म्हणजे चित्रातला प्रत्येक दोष त्यांच्या नजरेला टोचेल. इतर पाहुण्यांसाठी 'चालून जाईल' असे जे असते ते इथे चालणार नाही, आणि चित्र नीट दाखवणे हाच त्यांच्या कामाचा मान आहे असे मला मनापासून वाटते.

साडेचार मीटरच्या खोलीत १०० इंचांच्या चित्राचा मोह टाळा. रुंदी-उंचीच्या १६:९ प्रमाणातले, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत १०० इंचांचे चित्र सुमारे २२१ सेंटिमीटर रुंद असते आणि ते आरामात पाहण्यासाठी जवळपास चार मीटरचे अंतर लागते, म्हणजे अर्ध्याअधिक पाहुण्यांना ते फार जवळ पडेल. ८० इंचांचे चित्र सुमारे १७७ सेंटिमीटर रुंद आणि १०० सेंटिमीटर उंच होते. ते आपल्याला पुरेसे आहे. प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात अंतर आणि रुंदी यांचे गुणोत्तर दिलेले असते. ते १.५ असेल तर १७७ सेंटिमीटरला १.५ ने गुणावे, म्हणजे प्रोजेक्टर पडद्यापासून सुमारे २६५ सेंटिमीटरवर ठेवावा लागेल. ही जागा खोलीच्या मधोमध येते, म्हणून तिथे एक उंच, न हलणारे स्टूल आणि त्याच्या तारेवरून कोणी अडखळणार नाही अशी वाट आधीच ठरवून ठेवा. तार जमिनीला चिकटपट्टीने पूर्ण लांबीभर चिकटवावी, कारण अंधारात उठणाऱ्या वृद्ध माणसाला सर्वांत मोठा धोका तिचाच असतो.

प्रकाशाच्या बाबतीत जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. 'अँसी लुमेन' (ठरावीक प्रमाणित पद्धतीने मोजलेला प्रकाश) असा स्पष्ट उल्लेख असलेला आकडाच पाहावा. पूर्ण अंधारात एवढ्या चित्रासाठी ५०० अँसी लुमेन पुरतात, पण आपल्याला पूर्ण अंधार करता येणार नाही, कारण आजींसाठी आणि मुलांसाठी मागच्या बाजूला जमिनीलगत एखादा मंद दिवा हवाच. तेव्हा १००० किंवा त्याहून अधिक असलेला बरा. पांढरी, गुळगुळीत भिंत मिळाली तर ती चादरीपेक्षा चांगली. चादरच लावायची असेल तर ती दुहेरी घ्या, कारण एकेरी कापडातून प्रकाश पलीकडे निघून जातो, आणि खालच्या काठाला वजन बांधून ती ताणून बसवा.

प्रोजेक्टर तिरका ठेवून बटणाने चित्र चौकोनी करण्याची सोय असते, पण तिने चित्राचा तपशील कमी होतो. तो पडद्याच्या मध्यरेषेवर सरळच ठेवावा. जुना चित्रपट ४:३ च्या आसपासच्या प्रमाणात असेल तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. पडदा भरावा म्हणून चित्र ओढले की माणसे जाड आणि बुटकी दिसतात. हालचाल गुळगुळीत करणारी जी सोय हल्लीच्या यंत्रांत असते तीही बंद करावी. ती मधल्या चौकटी कृत्रिमपणे तयार करते, आणि ज्यांनी सेकंदाला २४ चौकटींचा वेग आयुष्यभर सांभाळला त्यांना ते चित्र लगेच परके वाटेल.

आवाजाचा स्पीकर पडद्याखाली ठेवा, प्रोजेक्टरजवळ नको. तो तारेने जोडावा, कारण बिनतारी जोडणीत आवाज किंचित मागे राहून ओठांची हालचाल जुळत नाही. मोबाइलवरून पडद्यावर पाठवलेले काही ॲप चित्राऐवजी काळी चौकट दाखवतात, म्हणून आदल्या रात्री तोच चित्रपट, त्याच यंत्रावर, त्याच तारेने किमान दहा मिनिटे चालवून पाहणे मी अनिवार्य मानतो.

तिसरे उत्तर

आईंची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती पाळायची असेल तर पदार्थ निवडतानाच पाळावी लागेल. पंधरा जणांसाठी ऐन वेळी तळायचे, भाजायचे किंवा एकेक करून गरम वाढायचे काहीही ठेवू नका. जे पदार्थ आदल्या दिवशी करून ठेवले तर उलट अधिक मुरतात, ज्यांना रस आहे आणि जे मोठ्या भांड्यात मंद आचेवर राहू शकतात, तेच मुख्य जेवणाला घ्या. सोबत गार वाढायचे दोन पदार्थ असले की वाढण्याचे काम निम्मे होते.

आदल्या दिवशी केलेले मोठे पातेले तसेच फ्रिजमध्ये ढकलू नये. त्याचा मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. उथळ भांड्यांत काढून ते लवकर निववावे आणि मगच आत ठेवावे. दुसऱ्या दिवशी सगळीकडून वाफ येईपर्यंत, म्हणजे आतपर्यंत सुमारे ७४ अंश सेल्सिअस होईल असे गरम करावे. टेबलावर गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि गार पदार्थ ५ अंशांच्या खाली राहतील अशी व्यवस्था ठेवावी. ती नसेल तर दोन तासांपेक्षा अधिक वेळ काहीही बाहेर ठेवू नये. चित्रपट पाहून झाल्यावर पुन्हा थोडे खाऊ, या विचाराने भांडी उघडी राहतात, आणि नेमके तेच टाळायचे आहे. मध्यांतरात दोन जावई किंवा दोन मुलगे उठून दहा मिनिटांत सगळे आवरतील, असे आधीच नावे घेऊन ठरवा. नावे ठरली नाहीत तर आईच उठतील, हे मी खात्रीने सांगते.

पॉपकॉर्न असणारच, म्हणून त्याबद्दल थोडेसे. मक्याच्या दाण्यात सुमारे १४ टक्के ओलावा असतो. साधारण १८० अंशांना आतल्या वाफेचा दाब कवच फोडतो आणि दाणा फुलतो. फुलल्यावर भांडे घट्ट झाकून ठेवले तर तीच वाफ त्याला चिवट करते, म्हणून झाकण किंचित कलते ठेवून वाफ जाऊ द्यावी. ते जेवणाआधी ठेवू नका. मुले त्यावरच पोट भरतात. चित्रपट सुरू होताना कागदी पुड्यांतून द्या. मात्र चार वर्षांखालील मुलांच्या श्वासनलिकेत पॉपकॉर्न अडकण्याचा धोका असतो, त्यामुळे आपल्या घरातल्या तीन वर्षांच्या बाळासाठी मऊ, सहज विरघळणारे असे दुसरे काही तशाच पुडीत घालून ठेवा, म्हणजे त्याला वगळल्यासारखे वाटणार नाही. अंधारात भरलेले पेले हातात देऊ नयेत. झाकणाच्या बाटल्या बऱ्या.

चौथे उत्तर

मला वेशभूषेबद्दल आपल्या भावाशी थोडा वाद घालावासा वाटतो. ७० वर्षांच्या शांत स्वभावाच्या माणसाला दार उघडताच आपलेच कुटुंब अनोळखी वेशात दिसणे, हे प्रत्येकाला सुखाचे वाटत नाही. माझ्या वडिलांना आम्ही असा धक्का दिला होता. ते हसले, पण रात्रभर अवघडून बसले. मुलांना हवे असल्यास त्यांनी वेश करावा, मोठ्यांनी नीटनेटके कपडे घालावेत. वडिलांना आधी सांगूनही टाका. चित्रपट कोणता, तेवढेच गुपित ठेवा. आणि काही झाले तरी त्यांना यंत्र चालवायला लावू नका. गौरव म्हणून आपण त्यांना पुन्हा त्याच खोलीत उभे करू, आणि त्यांना तर आजवर खुर्चीच मिळालेली नाही.

एक कल्पना सुचवतो. चित्रपटांच्या आरंभकाळातल्या फ्रेंच ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमधील ग्रँड कॅफेच्या तळघरात तिकीट लावून जो खेळ केला, त्यात जेमतेम ५० सेकंदांचे दहा चित्रपट होते. त्यांतल्या एकात ऑगस्ट ल्युमिएर आणि त्यांच्या पत्नी टेबलाशी बसून आपल्या तान्ह्या मुलीला भरवत आहेत, इतकेच आहे. म्हणजे तिकीट काढून आलेल्या त्या पहिल्या प्रेक्षकांना घरातले जेवणच दाखवले गेले होते. आपणही तिघा भावंडांच्या घरी आणि आत्यांकडे प्रत्येकी एक, असे चार चित्रपट आधीच टिपून ठेवा. कॅमेरा एका जागी स्थिर, ५० सेकंद, आवाज नाही, रोजचे जेवण. मध्यांतर संपताच ते दाखवावेत आणि मुलांनी पडद्याशेजारी उभे राहून त्यांना आवाज द्यावेत: भांड्यांचा, पाण्याचा, पावलांचा. युनिव्हर्सल स्टुडिओतल्या जॅक फोली यांच्या नावाने ओळखले जाणारे काम हेच असते. त्या कामात घोड्याच्या टापांसाठी करवंट्या आणि बर्फावरल्या पावलांसाठी कातडी पिशवीतले कॉर्नफ्लोअर वापरले जाते, हे कळले की मुले आठवडाभर घरातली प्रत्येक वस्तू वाजवून पाहतील.

मुख्य चित्रपट म्हणून चार्ली चॅप्लिन यांचा 'द गोल्ड रश' सुचवतो. मूळ चित्रपट १९२५ चा. १९४२ मध्ये चॅप्लिन यांनी स्वतःचे निवेदन आणि संगीत घालून त्याची सुमारे ७२ मिनिटांची आवृत्ती काढली. आजींना एक शब्द ऐकू आला नाही तरी काही अडणार नाही. त्यात काट्यांना टोचलेल्या दोन पावांचा नाच आहे, तो पाहून मुले दुसऱ्या दिवशी जेवताना तेच करतील याची तयारी ठेवा. बूट शिजवून खाण्याच्या प्रसंगातला बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा बनवलेला होता, हेही मुलांना आवडेल. फक्त पावांच्या नाचाच्या प्रसंगात यजमान वाट पाहतो आणि पाहुणे येत नाहीत. घरात कोणाच्या मनात तशी ताजी जखम असेल तर दुसरा मूकपट निवडावा.

प्रश्नकर्तीचे पुन्हा लेखन, सहा आठवड्यांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. कार्यक्रम मागच्या आठवड्यात झाला आणि जवळपास सगळे आपण सांगितले त्याप्रमाणेच केले. जे कमी पडले ते आधी लिहिते, कारण इतरांना त्याचाच अधिक उपयोग होईल. पहिले रीळ वीस मिनिटांत संपले नाही. पंधरा जणांना सूप वाढण्यातच दहा मिनिटे गेली, म्हणून घंटा फार लवकर वाजली आणि आत्यांचे सूप अर्धे राहिले. पुन्हा केले तर पहिल्या टप्प्याला पस्तीस मिनिटे धरीन. प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज शेजारी बसलेल्या आतोबांना खटकत होता. त्याच्या जवळच्या दोन खुर्च्या रिकाम्या ठेवायला हव्या होत्या. वेशभूषा फक्त मुलांनी केली, आणि भावाने ते आनंदाने मान्य केले.

यादीवरचा ठिपका वडिलांनी बसताक्षणी पाहिला. काही बोलले नाहीत. पान उलटून पुढच्या पानावरही तो आहे याची खात्री केली आणि मग माझ्याकडे पाहिले. पहिली घंटा वाजली तेव्हा नऊ वर्षांच्या नातवाने "ही कशाची घंटा?" असे विचारले, आणि त्यानंतर दुसरे रीळ संपेपर्यंत वडील सलग बोलत होते: कार्बनच्या कांड्यांचा प्रकाश कसा सतत सांभाळावा लागे, फिल्म तुटली की प्रेक्षागृहातून कसा ओरडा येई, ती सोडवून जोडायला किती क्षण मिळत. ३१ वर्षांतले हे काहीच आम्हाला माहीत नव्हते. पडदा बंद होता म्हणूनच ते ऐकायला मिळाले, असे बहिणीने स्वतःहून म्हटले.

भांडी भावाने आणि माझ्या यजमानांनी आवरली. चित्रपट लागला तेव्हा आई आणि वडील मधल्या दोन खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसले होते. सुरुवातीची काही मिनिटे वडील मान मागे वळवून प्रोजेक्टरकडे पाहत राहिले. आईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, त्यानंतर मात्र शेवटपर्यंत ते वळले नाहीत. आजीला चॅप्लिनपेक्षा आमच्या घरचे ५० सेकंदांचे चित्रपट अधिक आवडले. ते पुन्हा दाखवा, असे तिने तीनदा सांगितले आहे, म्हणून चादर अजून भिंतीवरच आहे आणि येत्या रविवारी आत्या पुन्हा येणार आहेत.